एकटीचा फोटो

कॅमेऱ्याची मूठ चिकट होती. खोक्यातून काढून तो उजव्या हातात धरला तेव्हा तळव्याला पहिल्यांदा जाणवलं ते हेच. तिच्यावरचं काळं रबर इतक्या वर्षांच्या उन्हानं आणि घामानं मऊ पडलं होतं. बोटं उचलली की ती किंचित अनिच्छेनं सुटत. कार्तिकातले दिवस होते. बाहेर आभाळ भरून आलेलं, पण बरसण्याची धमक नसलेलं. नुसतंच मळकट, ओथंबलेलं, सगळ्या जळगावावर ओलं पांघरूण टाकावं तसं. असं आभाळ आलं की वेचणीला आलेल्या कापसाचे धनी सारखे वर बघत राहतात, आणि माझ्यासारख्या निवृत्त, एकट्या बाईच्या मनावर विनाकारण मळभ चढतं. त्या मळभातच मी ती परकी वस्तू हातात घेऊन खिडकीशी बसले होते आणि ओल्या फडक्यानं तिची मूठ पुन्हा पुन्हा पुसत होते.

कॅमेरा माझ्या भाच्याचा, संजूचा. संजू म्हणजे अक्काचा मुलगा, आणि अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते तिनंच. संजू नाशिकला नोकरी करतो. त्यानं नवा कॅमेरा घेतला आणि हा जुना मला धाडून दिला. फोनवर म्हणाला, "मावशी, दुकानात याला कुणी विचारत नाही. पडून राहण्यापेक्षा तू वापरून बघ. नदीवर ने, डोंगरावर ने. पटला तर ठेव, नाही तर सांग, कुणाला तरी देऊन टाकू." मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर खडूनं तापी वाहवली, सातपुड्याच्या रांगा उभ्या केल्या, त्यांना उतार दिले, पाणलोट दिले. आणि यातलं निम्मंअधिक स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. निवृत्तीनंतर पाहीन म्हणत होते. तेव्हा कॅमेरा आला तो बरोबर माझ्या मर्मावर बोट ठेवून. मिररलेस आहे, संजूनं समजावलं. जुन्या जड कॅमेऱ्यांच्या पोटात आरसा असे, यात तो नाही, म्हणून हा हलका, म्हणून प्रवासाला सोयीचा. मी बरं म्हटलं. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणि मावशी, आईचा एक चांगला फोटो काढ. एकटीचा."

खरी मेख तिथेच होती, हे मला कळलं. आणि मला कळलं हे त्यालाही कळलं. त्या पावसाळ्याच्या अखेरीस अक्का आजारी पडली होती. अमळनेरच्या पुढे, बोरी नदीच्या काठावरच्या तिच्या खेड्यातून आम्ही तिला धुळ्याला नेलं. तपासण्या झाल्या, सुया झाल्या, आणि शेवटी डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, की आता घरी न्या, जे आवडेल ते खाऊ घाला. किती साधं, किती मायाळू वाक्य! पथ्य सुटल्याचा आनंद व्हावा असं. पण हे वाक्य ऐकून दवाखान्याच्या पायऱ्या उतरणं म्हणजे काय, हे ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांनाच ठाऊक. अक्काला आम्ही काही सांगितलं नाही, आणि तिनंही काही विचारलं नाही. घरी आल्यावर तिनं वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मागितली, दोन घास खाल्ले आणि ताट पुढे सारलं.

तर मागणी एवढीच होती, एक फोटो. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? फोन काढायचा आणि टिपायचा. पण आमच्या अक्काला तुम्ही ओळखत नाही. तिच्या गावात जिवंत माणसाचा एकट्याचा फोटो काढत नाहीत. लग्नातला जोडीचा काढतात, बारशाचा घोळक्याचा काढतात, बैलजोडीसोबत काढतात, नव्या ट्रॅक्टरला हार घालून त्याच्यापुढे उभं राहूनही काढतात; पण एकटा चेहरा चौकटीत बसला की तो भिंतीवर जाण्यासाठीच बसला, असा तिथला सर्वांचा समज. कुठल्याही घराच्या पुढच्या खोलीत जा. भिंतीवर वरच्या बाजूला ओळीनं जी एकेकटी माणसं दिसतील, ती सगळी गेलेली असतात. जितीजागती माणसं नेहमी कुणाच्या ना कुणाच्या खांद्याला खांदा लावून. आधार कार्डाच्या फोटोला अक्कानं हरकत घेतली नव्हती, कारण तो सरकारसाठी होता, आणि त्यात ती तिची तिलाही ओळखू येत नाही. पण घरच्या माणसानं कॅमेरा उचलला की ती हात आडवा करी. "बेबी, मन्हा एकलीना फोटू नको काढू," ती मला तिच्या अहिराणीत म्हणे. साठी उलटलेल्या मला ती अजून बेबी म्हणते. "एकलाना फोटू भितवर जास."

मी शिकलेली बाई. अशा समजुतींवर वर्गात मुलांना व्याख्यानं दिलेली. पण त्या पावसाळ्यानंतर मला या समजुतीवर हसू येईना. कारण संजूला तरी फोटो कशासाठी हवा होता? भिंतीसाठीच ना! अक्काचं काय चुकत होतं? आम्ही दोघं शहाणी माणसं तोंडानं जे बोलत नव्हतो, तेच ती अडाणी म्हणवणारी बाई सरळ बोलत होती. तेव्हा मी ठरवलं, की आधी कॅमेरा हाताखालून घालायचा. त्याचे गुण, त्याच्या खोडी समजून घ्यायच्या. अक्काचा फोटो काढायची संधी आलीच तर ती एकदाच येईल, आणि त्या वेळी बटणं शोधत बसायला नको. प्रवासाची हौस तर होतीच. पण खरं सांगते, त्या हिवाळ्यात मी जिथे जिथे गेले तिथे सोबत ही दुसरी चिंता होती, आणि ती कॅमेऱ्यापेक्षा जड होती.

पहिल्यांदा गेले ते हतनूरला, धरणाच्या फुगवट्यावर. पहाट सरून गेली होती, पण धुकं उठायला तयार नव्हतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते समजेना. दूर कुठे तरी बदकं होती. त्यांचा कलकलाट ऐकू येत होता, दिसत मात्र काही नव्हतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि अर्धवट बटण दाबलं. लेन्स आतल्या आत कुरकुरत पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. हिला धरायला एखादी कड लागते, एखादी काळी-पांढरी सीमारेषा. धुक्यात ती कुठून मिळणार? नव्या कॅमेऱ्यांना म्हणे पाखराचा डोळादेखील आपोआप सापडतो. या बिचारीला अख्खं पाखरूच सापडत नव्हतं. शेवटी मीच हातानं कडं फिरवत बसले. काठाशी एक वाळलेली बाभळीची फांदी पाण्यातून वर आली होती, तिच्यावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. तो मात्र सापडला. काळा, स्तब्ध, दोन्ही पंख उघडे टाकलेला, जणू कुणी वाळत घातलेला. त्याच्याभोवतीचा करडा रंग त्या जुन्या कॅमेऱ्यानं इतका हळुवार धरला होता, की घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहताना माझा जीव हरखला. आणि मग लक्षात आलं, की चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, आभाळात, एक पुसटसा काळा ठिपका आहे.

तो ठिपका सगळ्याच फोटोंत होता. सेन्सरवर बसलेली धूळ. फुंकणीनं जाईना, आणि उघडून पुसायचा मला धीर होईना. जिथे आभाळ, तिथे तो. आधी मला त्याचा फार राग येई, पुढे पुढे मी आभाळ पाहिलं की आधी त्यालाच शोधू लागले. माणसाच्या मनाचंही असंच होत असावं. एक कण आत जाऊन बसतो, आणि मग कुठेही पाहा, कितीही निर्मळ दिवस असो, डाव्या कोपऱ्यात तो असतोच. त्या हिवाळ्यात मी केळीच्या बागा पाहिल्या, रावेरकडच्या, हिरव्यागार. त्या हिरव्यात कॅमेरा नुसता न्हाऊन निघाला. पण बागेतून चालताना मी विचार करत होते तो, अक्कानं आज काही खाल्लं असेल का, याचाच.

धुळ्याला अक्काची औषधं आणायला गेले तेव्हा एकदा वाकडी वाट करून लळिंगचा किल्ला चढले. सोबत कुणी नव्हतं. वाऱ्यानं कान बधिर झाले होते, आणि गवत वाळून पिवळं पडलं होतं. इथे मात्र या कॅमेऱ्याला मी पूर्ण गुण दिले. गळ्यात अडकवला तरी मान दुखली नाही. चढताना एका हातानं दगड धरायचा आणि दुसऱ्या हातानं फोटो काढायचा, हे जमलं. मागचा पडदा वर उचलता येतो, त्यामुळे गुडघे न वाकवता गवताच्या मुळाशी नेऊन फोटो घेता आला. साठीनंतर ही सोय कवितेपेक्षा मोलाची वाटते. खाली महामार्ग, त्यावरून मुंगीच्या गतीनं सरकणारे ट्रक, पलीकडे काळ्या रानांचे चौकोन. हा सगळा प्रदेश मी फळ्यावर काढला होता! पण फळ्यावर मी कधी हा वारा काढला नव्हता, की तटबंदीच्या सांदीत राहिलेलं ते एकटं रिकामं घरटं. मी फोटो काढत गेले, आणि परतीच्या वाटेवर, उन्हं कलायच्या आतच, बॅटरीनं मान टाकली. जुन्या कॅमेऱ्याचं आयुष्य हे असं. उमेद पूर्ण, दम अर्धा. खिशात दुसरी बॅटरी ठेवल्याशिवाय याला घेऊन दूर जाऊ नये, हे मी तिथेच मनात नोंदवून ठेवलं.

काळोखात मात्र त्याचं काही खरं नव्हतं. भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या संध्याकाळी दिसतात. लाल दिवे लागलेले, वर धूर, धुराच्या मागे उरलासुरला जांभळा उजेड. किती वेळा गाडीतून पाहिलेलं ते दृश्य! त्या दिवशी मुद्दाम उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. फोटो आला तो सगळा रवाळ. जांभळ्या रंगात कुणी पिठी सांडल्यासारखे दाणे. उजेड कमी झाला की हा कॅमेरा अंदाजानं बघू लागतो, आणि अंदाज करताना घाबरतो. मला त्याची कीव आली. अंधारात आपणही दुसरं काय करतो? धुळ्याच्या दवाखान्यातून आल्यापासून आम्ही सगळे अंदाजानंच चाललो होतो. आज तिचा चेहरा उजळ दिसतो, आज पायावरची सूज कमी आहे, आज ती स्वतः उठून अंगणात आली, असे दाणे वेचत होतो आणि त्यांचं चित्र जुळवू पाहत होतो.

महिन्यातून दोनतीनदा मी एसटीनं अक्काकडे जाई. कॅमेरा सोबत असेच. पहिल्या दिवशी तिनं तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "कितलं जुनं शे हाई?" मी सांगितलं, संजूला नोकरी लागली त्याच्या आसपासचा. "मंग तं म्हतारा व्हयी गया," ती म्हणाली आणि खुदकन हसली. तेवढ्यात मी डोळ्याला लावला, तर तिनं तिचं सगळं बघणाऱ्या शेजारच्या सुमनला हाक मारली. "ये वं माय, तू बी बस मन्हाजोडे!" सुमन हातातलं सूप टाकून आली आणि अक्काला खेटून बसली. पुढच्या वेळी सुमन शेतात गेलेली पाहून मी कॅमेरा काढला, तर अक्कानं शेळीचं पिल्लू उचलून मांडीवर घेतलं. त्याच्या पुढच्या वेळी काहीच सापडेना, तेव्हा ती उठून पाण्याच्या हौदाशी जाऊन उभी राहिली आणि हौदावर हात टाकला, जणू तोही घरातलं माणूस. अशी माझी अक्का! माझ्याजवळ तिचे कितीतरी फोटो जमले. अक्का आणि सुमन, अक्का आणि पिल्लू, अक्का आणि हौद.

मग मी चोरून काढायचं ठरवलं. ती ओसरीत डाळ निवडत बसलेली असताना मी दारामागून कॅमेरा रोखला. उजेड सुंदर होता. ताटातल्या डाळीवरून परतून तो तिच्या हनुवटीखाली पडला होता. मी बटण दाबणार, तोच मला आठवलं, की या कॅमेऱ्याचा आवाज मोठा आहे. नव्यांना निःशब्द टिपता येतं. हा मात्र प्रत्येक फोटोला खाड् करून ओरडतो, अडसर सरकवावा तसा. रानात एक वेळ चालतं. पाखरं उडतात आणि परत येऊन बसतात. पण इथे? मी दाबलं. खाड् झालं. अक्कानं मान वर केली, आणि फोटोत आली ती वर उचललेली, हललेली, धूसर झालेली मान. ती रागावली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यानं मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की मी कॅमेरा पिशवीत घातला आणि तिच्याशेजारी बसून डाळ निवडू लागले. 

संजूचा दर रविवारी फोन येई. कसा आहे कॅमेरा, हा त्याचा पहिला प्रश्न. आणि आई कशी आहे, हा दुसरा. खरं तर दोन्हींतून तो एकच विचारत असे. मी सांगे, की उन्हात उत्तम आहे, सावलीत ठीक आहे, अंधारात निकामी. वजनाला हलका, बॅटरीला नाजूक. पक्ष्यांसाठी नाही, डोंगरांसाठी आहे. एकदा तो म्हणाला, "मावशी, मिळत नसेल एकटीचा, तर सुमनकाकूसोबतचा पाठव. कापून घेता येईल." मी संगणकावर कापून पाहिलं. सुमनला बाहेर काढलं, तर अक्काच्या दंडाशी तिच्या हिरव्या बांगड्यांचा तुकडा उरला. तो काढायला गेले, तर अक्काचा खांदा गेला. जी माणसं इतकी एकमेकींना टेकून बसली, त्यांना कात्रीनं वेगळं कसं करायचं? मी संजूला नाही म्हणून कळवलं. फोनवरच्या त्याच्या श्वासावरून मला सगळं समजलं. मुलगा होता तो. त्याला आईचा चेहरा जवळ ठेवायचा होता, आणि तो मिळायच्या आत वेळ निघून जाईल याची धास्ती त्याला झोपू देत नव्हती.

संक्रांत झाली. थंडी ओसरू लागली, हरभरा घाटे धरू लागला, आणि अक्का खाटेला खिळत चालली. मी जाई तेव्हा कॅमेरा बाहेर काढायची नाही. पिशवीतच पडून असे. तिचे पाय चेपावे, केस विंचरावे, गावातल्या बातम्या ऐकाव्या, यापलीकडे काही करावंसं वाटत नव्हतं. आपण माणसाला जपायला बसतो की त्याची आठवण जमवायला? दोन्ही एकदम करता येत नाही, असं मला त्या दिवसांत वाटू लागलं. हात एक तर चेपतील, नाही तर कॅमेरा धरतील. मी चेपणं पत्करलं आणि संजूच्या फोनला उडवाउडवीची उत्तरं देऊ लागले.

आणि अशाच एका दुपारी अक्कानं स्वतःच विषय काढला. ती पुढच्या खोलीत खाटेवर पडली होती, आणि तिची नजर भिंतीवर होती. तिथे दाजींचा फोटो आहे, तिच्या नवऱ्याचा. दाजी गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा फोटो कुठून असणार? तेव्हा कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचं डोकं तेवढं उचललं गेलं, आणि तालुक्याच्या स्टुडिओवाल्यानं ते एका तयार धडावर बसवलं. आमच्याकडे सर्रास असंच करतात. स्टुडिओत कोट-टायची धडं तयार असतात, जरीच्या साड्यांची असतात, मागे धबधबे असतात. गेलेल्या माणसाचं डोकं आणून द्यायचं, की झालं. म्हणून आमच्या खेड्यांतल्या भिंतींवर जन्मभर धोतर नेसलेली माणसं सुटाबुटात दिसतात, आणि फाटक्या लुगड्यात राबलेल्या बाया पैठणीत. मी दाजींना कधी कोटात पाहिलं नव्हतं. पण भिंतीवरचा तो कोट इतक्या वर्षांत मला खटकलाही नव्हता. अक्का म्हणाली, "हाऊ कोट त्यास्ना नही. खांदा बी त्यास्ना नही. मी रोज सकायले कोनाले हात जोडस?"

ती उठून बसायचा प्रयत्न करू लागली, म्हणून मी पाठीला हात दिला. तिच्या पाठीचे मणके माझ्या तळव्याला एकेक करून लागले. "माले बठ्ठं समजस, बेबी," ती म्हणाली. "डॉक्टर काय बोलना, ते बी समजस. माले दुसरीनं लुगडं नको. आते काढ, मन्हा एकलीना."

किती दिवस मी याच शब्दांची वाट पाहिली होती! आणि ते आले तेव्हा मला ते नको होते. पुन्हा नाही म्हण अक्का, सुमनला बोलाव, पिल्लू उचल, असं ओरडून सांगावंसं वाटलं. कारण इतके दिवस तिचा नकार हाच आमचा आधार होता. ती नाही म्हणत होती तोवर ती जाणार नव्हती. मी म्हटलं, "आज राहू दे, उद्या काढू." तिनं मान हलवली. तिनं मला नवं लुगडं काढू दिलं नाही. अंगावरचं रोजचंच, निळसर, धुऊन धुऊन विरलेलं, तेच तिनं नीट केलं. तोंडावरून ओला हात फिरवला, केस मला बसवायला लावले, आणि भिंतीला धरत, माझ्या खांद्यावर भार टाकत ती दारापर्यंत आली. दाराशी दुपारचा मवाळ उजेड होता, थेट नव्हे, अंगणातल्या मातीवरून उसळून आलेला. या कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त मानवतो तसला. तिला पाटावर बसवून मी मागे सरकले. सुमन सवयीनं धावत आली आणि तिच्याजवळ टेकू लागली. अक्कानं तिच्या गालावरून हात फिरवला आणि हळूच म्हटलं, "तू बाजूले व्हय, माय." सुमन उठली, आणि तोंडाला पदर लावून गोठ्याकडे गेली.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत अक्का एकटी होती. जन्मात पहिल्यांदा मी तिला अशी पाहिली असेन. बाजूला नवरा नाही, कडेवर मूल नाही, मांडीवर मी नाही. केवढी लहान दिसत होती ती! लेन्स एकदाच कुरकुरली आणि तिच्या डोळ्यांवर थांबली. मला वाटलं, ती आता खाली बघेल, किंवा हात आडवा करेल. पण ती सरळ माझ्याकडे बघत होती, पाहुण्यांपुढे बसवलेल्या मुलीसारखी, जराशी अवघडून. आणि मग तिनं विचारलं, "हासू का?"

आपल्या मागे आपल्या घरानं रोज कसल्या चेहऱ्याकडे बघावं, हे ती मला विचारत होती. काय सांगणार होते मी? गंभीर राहा म्हणू? की हस म्हणू, आणि ते हसू पुढची सगळी वर्षं त्या भिंतीवर सोसू? कॅमेऱ्याआड माझे डोळे भरून आले होते, आणि मला चौकटीतलं काही नीट दिसत नव्हतं. मी एवढंच म्हणू शकले, "हास, अक्का." ती हसली. ओठांच्या कडांनी, मग डोळ्यांनी, मग सगळ्या सुरकुत्यांनी. मी बटण दाबलं.

तो मोठा आवाज झाला आणि विरला. "चांगला उना का?" तिनं विचारलं. मी जवळ जाऊन तिला पडदा दाखवला. तिनं कॅमेरा दोन्ही हातांत घेतला, उन्हाकडे पाठ करून, डोळे बारीक करून स्वतःकडे खूप वेळ पाहिलं. लुगड्याच्या विरलेल्या काठावर तिचं बोट एकदा फिरलं. मग तिनं तो मला परत दिला.

"हाऊच लावजो," ती म्हणाली.